साडेआठ इंच

हेराल्डकाकांचे पाय मी आधी पाहिले. चेहरा चार दिवसांनी दिसला.

भोपाळच्या साकेतनगरात आम्ही राहायला आलो त्या सकाळी शेजारच्या फाटकात एक बुटकी जुनी गाडी उभी होती आणि तिच्या खालून पांढऱ्या पायजम्यातले दोन पाय बाहेर आले होते. आमचं कपाट उतरवणारा हमाल ते पाहून जागच्या जागी थबकला. "साब, कोई दबा तो नहीं?" त्याने हळूच विचारलं. मी वाकून "काही मदत हवी का?" असं म्हणालो. हे वाक्य मी जन्मात पुन्हा कुणाला म्हटलेलं नाही. गाडीखालून उत्तर आलं, "मराठी का? बरं झालं. तेवढी बॅटरी धरून ठेव."

तेव्हापासून अकरा वर्षं मी बॅटरी धरतो आहे.

बॅटरी धरण्याचं काम सोपं वाटतं, पण त्यात मान मिळत नाही. उजेड जिथे हवा तिथे पाडला तर काकांच्या हाताची सावली पडते, सावली टाळली तर उजेड त्यांच्या डोळ्यांत जातो. "काऊन बे, तू उजेड कुठं पाडून राहिला? मला नट पायजे, तू मला सायलेन्सर दाखवून राहिला!" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता घरातले दिवे गेले तरी मला अपराधी वाटतं.

गाडीवेडी माणसं दोन जातींची असतात. एक गाडीत बसणारी, दुसरी गाडीखाली झोपणारी. पहिली पचमढीला जाऊन येते आणि फोटो दाखवते. दुसरी कुठेच जात नाही. "आता फक्त एकच काम राहिलं" असं सांगते. काका दुसऱ्या जातीचे, आणि त्यातही उच्चकुलीन. त्यांच्या एकच राहिलेल्या कामांची मी एकदा मोजदाद केली होती. एकतीसवर सोडून दिली.

काकांचं घराणं नागपूरचं. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर कितीतरी मराठी कारकून विंचवाच्या बिऱ्हाडासकट इकडे आले. काकांचे वडील त्यातलेच. काका तेव्हा वर्षाचे होते, म्हणजे जवळजवळ फायलींच्या ट्रंकेतूनच आले म्हणायचे. बोली अजून नागपूरची, शिव्या भोपाळच्या आणि हिशेब इंचातला. काकू इंदूरच्या. त्यांची मराठी गोड आणि पोहे त्याहून गोड, त्यामुळे काकांचं बोलणं खपून जातं.

काका १९७७ साली भेलच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले आणि २०१५ साली तिथूनच निवृत्त झाले. अडतीस वर्षं त्यांनी जलविद्युत केंद्रांच्या प्रचंड यंत्रांची चित्रं काढली. तिथला नियम साधा होता आणि योग्यही होता. कागदावरची एक रेघ केसभर हलवायची तर बदलाचं पत्रक भरायचं आणि त्याच्या तळाशी तीन सह्या लागायच्या : तयार केले, तपासले, मंजूर केले. धरणाखाली बसणारं यंत्र कुणा एकाच्या लहरीवर सोडता येत नाही. काकांनी हा नियम निष्ठेने पाळला. अडतीस वर्षांत त्यांची सही पहिल्या रकान्यात असंख्य वेळा पडली, दुसऱ्यात पुष्कळदा पडली, तिसऱ्यात कधीच पडली नाही. हे सगळं अशासाठी सांगितलं, की निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी त्यांनी बाजारातून एक जाड फाइल आणली, तिच्यावर ‘हेराल्ड’ असं लिहिलं आणि आत त्याच तीन रकान्यांची पत्रकं स्वतःच्या हाताने आखली.

तिन्ही सह्या आता त्यांच्याच असतात. पण काका प्रामाणिक माणूस. ‘तपासले’ची सही करताना ते चष्मा बदलतात, खुर्ची बदलतात आणि पहिल्या सहीच्या काकांकडे जरा संशयाने पाहतात. चौथ्या क्रमांकाचं पत्रक तर त्यांनी तपासून चक्क फेटाळलं आहे. शेरा लाल शाईत आहे : ‘प्रस्तावकाने नीट विचार केलेला दिसत नाही.’ प्रस्तावक त्या दिवशी जेवला नाही, असं काकू सांगतात.

आता गाडीविषयी. इंग्लंडात १९५९ साली ट्रायम्फ कंपनीने हेराल्ड नावाची छोटी गाडी काढली. तिचा आकार मिकेलॉत्ती या इटालियन डिझायनरने ठरवला. १९६१पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती इकडे बनवायला सुरुवात केली, ९४८ सीसीचं इंजिन घालून. अँबॅसडर आणि फियाटच्या त्या काळात हेराल्ड म्हणजे मध्यमवर्गातली नटवी मुलगी. गाडीला वेगळी चासी, आणि वरचा सगळा अंगरखा नटबोल्टांनी बसवलेला. पुढचं बॉनेट मडगार्डांसकट एका तुकड्यात पुढे उघडतं, मगरीने जबडा वासल्यासारखं. छप्परसुद्धा बोल्ट काढले की निघतं. आणि वळते तर अशी, की पंचवीस फुटांत पूर्ण फिरते. साकेतनगरच्या गल्लीत हा गुण फार महत्त्वाचा, कारण काकांच्या बहुतेक सफरी गल्लीच्या टोकापासूनच परत फिरतात.

पण काकांच्या मनात हेराल्ड नव्हतीच. मनात होती तिची धाकटी बहीण. त्याच हेराल्डची चासी आखूड करून मिकेलॉत्तीनेच एक दोन सीटची उघडी गाडी आखली आणि १९६२ साली ट्रायम्फने ती ‘स्पिटफायर’ या नावाने विकायला काढली. भेलचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तो एका ब्रिटिश कंपनीच्या साह्याने उभा राहत होता आणि भोपाळात साहेब इंजिनिअर वावरत असत. काका सांगतात, की शाळकरी वयात न्यू मार्केटमध्ये एका साहेबाची स्पिटफायर त्यांनी पाहिली. दार इतकं ठेंगणं, की साहेबाने बसल्या बसल्या हात खाली सोडून सिगारेट रस्त्यावर विझवली. ही गोष्ट मी गणपतीत ऐकली तेव्हा गाडी लाल होती. दिवाळीत हिरवी झाली. संक्रांतीला साहेबाशेजारी एक मडम बसली. सिगारेट मात्र दरवेळी विझते, त्यामुळे मी गोष्ट खरी मानतो.

पुढे मारुतीचा जमाना आला. लोकांचे मारुतीचे नंबर लागू लागले तशा हेराल्डी फाटकाबाहेर निघाल्या. १९८७ साली काकांनी एक दोन दारांची, १९६५ सालची हेराल्ड पडत्या किमतीला घेतली. काकूंना वाटलं, चार माणसांची गाडी आली. काकांना ठाऊक होतं, दोन माणसांची येऊ घातली आहे. मधे फक्त साडेआठ इंच होते.

ते असे. हेराल्डच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर साडेएक्क्याण्णव इंच. स्पिटफायरचं त्र्याऐंशी. वजाबाकी साडेआठ. "एवढंच तर आहे," काका तर्जनी आणि अंगठा ताणून दाखवतात, "एवढं मधून काढलं की झाली स्पिटफायर." दर दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून झाला की काका खडू घेऊन खाली शिरतात आणि चासीवर साडेआठ इंचांच्या अंतराने दोन रेघा मारतात. मी बॅटरी धरतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रेघा पुसट होतात आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा ठळक होतात. करवत अजून लागलेली नाही.

हे कापणं सोपं नाही, हे काकांना पक्कं ठाऊक आहे. स्पिटफायरची चासी नुसती आखूड केलेली हेराल्ड नव्हे. तिच्या कडेच्या आधारपट्ट्या काढून टाकल्या आहेत आणि तो भार दारांखालच्या पत्र्यावर टाकला आहे. ऐशबागेतल्या गॅरेजवाल्या उस्तादला मात्र यात अडचण दिसत नाही. "को खाँ, इंजीनियर साब, गैस कटर पड़ा है, शाम तक काट के जोड़ दूँगा," तो म्हणतो. काका त्यावर "ड्रॉइंग पूर्ण नाही" असं सांगतात. ड्रॉइंग कसं पूर्ण होणार? ते तपासायलाही काकाच, मंजूर करायलाही काकाच.

कापायचं लांबणीवर पडलं तरी माणूस हात बांधून बसत नाही. पहिलं पत्रक निघालं छपराचं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी काकांनी बोल्ट सोडले, आम्ही चौघांनी छप्पर उचललं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. गाडी खरोखर देखणी दिसू लागली. काका गॉगल लावून मोठ्या तलावाच्या काठाने एक चक्कर मारून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘एकच काम राहिलं’ असं म्हणाले नाहीत. मग जुलै आला. भोपाळचा पाऊस तलाव भरतो, तो हेराल्डला काय सोडतो! बूच काढून पाणी सोडायची सोय काकांनी नवव्या पत्रकात केली. तोवर मला बॅटरीवरून बढती मिळून छत्री मिळाली. गच्चीवर उपड्या घातलेल्या छपराखाली काकूंनी ऊन सोसत नाही अशा कुंड्या ठेवल्या. फर्न फार छान वाढलं. छप्पर परत मागायची आता काकांची हिंमत नाही.

दुसरं पत्रक मागच्या चाकांचं, आणि इथे खरी विद्या सुरू होते.

हेराल्डच्या मागच्या बाजूला आडवी, पाट्यांची एक स्प्रिंग असते. उस्ताद तिला कमानी म्हणतो. ती मधोमध डिफरन्शियलच्या डोक्यावर घट्ट बसवलेली आणि तिची दोन टोकं दोन चाकांना धरलेली. चाक फिरवणारा दांडा डिफरन्शियलजवळ हलतो, चाकाजवळ हलत नाही. काका हे पाय पुढे करून समजावतात. "असं समज, खुब्यात सांधा आहे, पण घोट्यात नाही. पाय वर गेला की तळवा तिरपा होणारच." सरळ रस्त्यावर हे चालून जातं. पण जोरात वळणावर शिरून माणूस घाबरला आणि त्याने एकदम पाय काढला, की गाडीचं ढुंगण वर उचललं जातं, बाहेरचं चाक पोटाखाली मुडपतं आणि गाडी फुगडी घालते. आपल्याकडच्या गिऱ्हाइकांना आणि मेकॅनिकांना हा प्रकार पचला नाही. पुढे १९७२ साली मद्रासवाल्यांनी ‘गॅझेल’ काढली तेव्हा मागे सरळ, अखंड अ‍ॅक्सल घालून मोकळे झाले. इंग्लंडात मात्र १९७०च्या स्पिटफायरमध्ये युक्ती केली : सगळ्यात खालची पट्टी तेवढी आवळली आणि वरच्या पट्ट्यांना झोपाळ्यासारखं डुलायला मोकळं सोडलं.

या गाडीत फुगडी घालण्याइतका वेग काकांनी कधी घेतलेला नाही. पण रोग्याला लक्षणं नसली म्हणून डॉक्टर थांबतो का? त्यांनी ठरवलं, गाडी बसकी करायची. बसकी केली की चाकं आधीच जराशी फेंगडी उभी राहतात आणि मुडपायला धजत नाहीत. यासाठी डिफरन्शियल आणि कमानी यांच्यामध्ये एक लोखंडी ठोकळा बसवायचा. कमानी वर गेली की तिच्या टोकांची चाकंही वर जातात, म्हणजेच गाडी खाली येते. ठोकळा घातल्यावर गाडी खाली कशी जाते, हे मला समजायला दोन महिने लागले. काकूंना एका वाक्यात समजलं. "म्हणजे नवरा डोक्यावर बसवला की घर खाली येतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

ठोकळ्यासाठी पोलाद शोधायला आम्ही कबाडखान्यात गेलो. या नावाची वस्ती भोपाळात खरोखरच आहे आणि नावाला जागते. काकांच्या अंगात तिथे निराळंच वारं संचारतं. घरी भाजी आणताना भाव न विचारणारा हा माणूस तिथे तुटक्या शाफ्टच्या तुकड्यासाठी पाऊण तास घासाघीस करतो आणि शेवटी तुकडा न घेता दुकानदाराच्या नातवाला शाळेत कुठे घालावं यावर सल्ला देऊन परततो. तीन फेऱ्यांनी तुकडा मिळाला. लेथवर दीड इंचाचा ठोकळा तयार झाला आणि उस्तादच्या गॅरेजात कमानी त्याच्यावर चढली.

गाडी जॅकवरून उतरली तेव्हा तिची मागची चाकं वरून आत, खालून बाहेर अशी फाकली. समोरच्या पाटियावर बसलेली मंडळी लगेच उठून आली. जुन्या भोपाळात दुकानांपुढच्या दगडी पाटियांवर बसून जगाच्या कारभारावर बोलण्याला पटियेबाजी म्हणतात आणि तिथे पदवी लागत नाही. एक बुजुर्ग बराच वेळ गाडीमागे उकिडवे बसले. मग म्हणाले, "को खाँ, ये तो उठक-बैठक लगा रई है. किसने सज़ा दी?"

त्याच दिवशी उस्तादने पुढच्या चाकांच्या खालच्या पितळी सांध्यांत प्रेमाने ग्रीस भरलं आणि काकांचा तोल सुटला. त्या सांध्यांत ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आटे कोरडे पडतात आणि एखाद्या दिवशी उभा दांडा मोडून चाक आडवं होतं. "हा सांधा लोटसवाल्यांनी आपल्या सुरुवातीच्या गाड्यांत उचलला! लोटसवाल्यांनी! आणि तू त्याच्यात ग्रीस घालून राहिला?" उस्ताद शांतपणे म्हणाला, "तो उन्होंने भी बाद में छोड़ दिया होगा." पंधरा दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. निरोप माझ्यामार्फत जात, कारण बॅटरी धरणारा माणूस तटस्थ मानला जातो.

तिसरा अध्याय पत्र्याचा. काकांना मागची बाजू स्पिटफायरसारखी घसरती हवी होती. पत्रा ठोकणारा कारागीर दिवसाला किती घेतो हे कळल्यावर त्यांनी फायबर ग्लास स्वतः करायचं ठरवलं. साचा लागणार, तर तो करून घेतला गणपती घडवणाऱ्या मूर्तिकाराकडून. मूर्तिकाराने फोटो पाहिला, मान डोलावली आणि आठवडाभरात साचा दिला. बसवून पाहतो तर हेराल्डच्या पाठीला साक्षात लंबोदराचा घेर आला होता. "बाबूजी, हमारे हाथ को यही गोलाई आती है," मूर्तिकार म्हणाला. काकांनी नमस्कार केला. त्या गोलाईवर पटाशी लावायला त्यांचं मन होईना.

रेझिनचं काम मे महिन्यात काढलं, ही चूक प्रस्तावकाची, तपासनिसाची आणि मंजूर करणाऱ्याचीही. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा हे हवेच्या उष्णतेवर ठरतं. जितका उन्हाळा तितका हार्डनर कमी. भोपाळात त्या दुपारी पारा त्रेचाळिसावर होता आणि काकांनी डब्यावरची मात्रा घातली. पहिला हात मारला, काचेची चटई बसवली, ब्रश पुन्हा डब्यात घातला आणि काकू चहाला विचारायला आल्या म्हणून वळले. तेवढ्यात डबा तापला, धुमसला आणि गोठला. काकांनी ब्रश उचलला तर डबा बरोबर आला. तो ब्रश डब्यासकट अजून घरात आहे. काकू त्याने स्वयंपाकघराचं दार अडवतात. फार भक्कम आहे.

एवढं झाल्यावर गाडी रस्त्यावर आली आणि मग गतिरोधकांनी आपलं अस्तित्व जाणवून दिलं. दीड इंच खाली बसलेल्या गाडीचा सायलेन्सर प्रत्येक उंचवट्यावर खरवडला जाई. काकांनी हिंमत न हारता साकेतनगर ते न्यू मार्केट या रस्त्यावरच्या गतिरोधकांचा तक्ता केला आणि त्यांच्या तीन श्रेणी पाडल्या : ‘सरळ घ्यावा’, ‘तिरपा घ्यावा’ आणि ‘उतरून घ्यावा’. उतरायचं अर्थात काकूंनी. शेजारची सीट रिकामी झाली, की गाडी तेवढी उचलते आणि निभावते. तिसऱ्या श्रेणीत सात गतिरोधक होते. म्हणजे साडी घ्यायला निघालेल्या काकूंनी जमिनीपासून वीतभर उंचीच्या सीटवरून सात वेळा उठायचं, रस्त्याच्या कडेने चालायचं आणि पुन्हा सात वेळा त्या खड्ड्यात बसायचं. काकूंचे दोन्ही गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. चौथ्या उंचवट्यानंतर त्या परत बसल्याच नाहीत. सिटी बस आली, त्या तीत चढल्या. काका न्यू मार्केटला पोचले तेव्हा काकू साडी घेऊन, बिल चुकतं करून, उसाचा रस पीत उभ्या होत्या.

"माझा पण सांधा बघा कधी," त्या एवढंच म्हणाल्या. "खुब्यात आहे, घोट्यात आहे. मधलाच गेलाय."

काका काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी सगळे उंचवटे तिरपे घेतले.

तशात २०२१ साल आलं आणि केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल, वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. काकांची गाडी छप्पन्न वर्षांची. मोठ्या उमेदीने आम्ही कागद वाचायला बसलो. अट एकच होती. गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. काकांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. छपराखाली फर्न, पाठीला लंबोदर, मागच्या चाकांची उठक-बैठक.

"मूळ स्वरूप!" ते उसळले. "छप्पन्न वर्षांत कोण मूळ स्वरूपात राहतं? माझ्या दोन्ही डोळ्यांत नवीन भिंगं. चार दात बाहेरचे. हर्नियाची जाळी वेगळीच. मी स्वतः व्हिंटेजमध्ये बसून नाही राहिलो!"

त्यात तथ्य होतं, पण कायदा त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की नोंदणीच्या कागदावर कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्यात परस्पर बदल करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. काकांनी हे सगळं मला वाचून दाखवायला लावलं. मग त्यांनी शंकरराव कुळकर्णींचा विषय काढला, कोंडीत सापडले की काढतात तसा. कोल्हापूरकडच्या या माणसाने स्वतःच्या डोक्याने ‘मीरा’ नावाची छोटी गाडी बांधली, वर्षानुवर्षं सुधारली, आणि ती कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. "का पडली नाही? सांग!" मी म्हणालो, "कागदांमुळे?" काका फाइल मिटत म्हणाले, "तिसरी सही मिळाली नाही, बाप्पा."

त्यानंतर बरेच महिने फाइल उघडली नाही. पाय दिसेनात. गल्लीतल्या पोरांनाही चुकल्यासारखं झालं. एकाने मला विचारलं, "हेराल्डअंकल ठीक तो हो गए ना?" म्हणजे बरे होणं ही आमच्याकडे काळजीची गोष्ट.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या रविवारी सकाळी कुंपणापलीकडून ओळखीची हाक आली. गेलो. उस्ताद आला होता, गाडी जॅकवर होती आणि काका खाली होते. मी बॅटरी पेटवली. कुणी काही बोललं नाही. उजेडही पहिल्यांदाच बरोबर जागी पडला. कमानीचे नट सुटले, मधला ठोकळा निघाला, कमानी मूळच्या जागी बसली. गाडी खाली उतरली ती आधीपेक्षा वर. उस्तादने पितळी सांध्यांत स्वतःच्या हाताने ९० नंबरचं तेल घातलं आणि कपड्याला हात पुसत म्हणाला, "अब खड़ी हुई है शरीफ़ों की तरह." दीड इंचाचा ठोकळा काकूंनी घरात नेला. पापड लाटताना पोळपाटाखाली लागतो.

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला. काकू पुढच्या सीटवर बसल्या. एकदाच बसल्या आणि न्यू मार्केटला जाऊन, सोनं म्हणून आपट्याची पानं घेऊन, एकदाच उतरल्या. संध्याकाळी काकांनी मला फाइल दाखवली. चौदावं पत्रक. विषय : मागील कमानीखालील ठोकळा काढणे. उंची : कंपनीच्या मूळ मापाप्रमाणे. कारण : सौ.चे गुडघे. ‘तयार केले’खाली काकांची सही, ‘तपासले’खाली काकांचीच, जरा नाराज. ‘मंजूर केले’च्या रकान्यात बारीक, तिरपी, इंदुरी वळणाची सही आहे.

खडूच्या रेघा त्या दसऱ्याला मारल्या नाहीत. हेराल्डच्या चाकांमधलं अंतर आजही साडेएक्क्याण्णव इंच आहे. बॅटरी धरून मी स्वतः मोजलं.